कांद्यावरची काजळी आणि सरबतातला आंबटपणा

श्रावणात गोणीतला कांदा काढून त्याचा वरचा सुटलेला पापुद्रा सोलला, की खालच्या पापुद्र्यावर शिरांच्या रेषा धरून काळी भुकटी पसरलेली अनेकदा दिसते. बोट लावले तर ती काजळासारखी बोटाला लागते, फुंकर मारली तर उडते आणि नळाखाली धरली तर बहुतेक वाहून जाते. घरातले जुने माणूस ती धुऊन कांदा चिरायला घेते, तर नवे माणूस मोबाइलवर वाचलेले काहीतरी आठवून तोच कांदा केराच्या टोपलीत टाकते. दोघांपैकी बरोबर कोण, हे कांद्याच्या अवस्थेवर आणि खाणाऱ्याच्या प्रकृतीवर ठरते, पण त्याआधी ही भुकटी म्हणजे नेमके काय ते पाहायला हवे. ती एका बुरशीच्या बीजाणूंची आहे आणि त्या बुरशीचे शास्त्रीय नाव ॲस्परजिलस नायजर. गंमत अशी, की ज्या स्वयंपाकघरात कांद्यावरची ही काजळी नाक मुरडून धुतली जाते, त्याच स्वयंपाकघरात खमण ढोकळ्यासाठी आणलेले लिंबूफूल (म्हणजे सायट्रिक आम्ल), फळांच्या सरबताची बाटली आणि जॅमची बरणी याच बुरशीची कमाई घेऊन फडताळात उभी असतात.

ॲस्परजिलस हे नाव १७२९ मध्ये फ्लॉरेन्सच्या पिएर अंतोनिओ मिकेली या धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला बारीक दांड्यावर बसलेला गोळा आणि त्यातून चहूकडे निघालेल्या सरी दिसल्या, आणि त्याला आठवले ते चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याचे साधन. दांडीच्या टोकाला भोके असलेला धातूचा गोळा बसवलेले हे साधन गोव्यातल्या आणि वसईतल्या चर्चमध्ये आजही पाहायला मिळते, आणि ते पाहिलेल्या माणसाला या बुरशीचे चित्र वेगळे काढून दाखवावे लागत नाही. पुढे १८६७ मध्ये फिलिप व्हान तिएगेम या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने या कुळातल्या काळ्या जातीचे वर्णन केले आणि तिला नायजर, म्हणजे लॅटिनमध्ये काळी, हे विशेषण चिकटले.

साधे बहिर्गोल भिंग घेऊन कांद्याचा तो पापुद्रा उन्हात धरला, तरी बरेच काही दिसते. काळा थर एकसंध नसून टाचण्या खोचून ठेवलेल्या उशीसारखा असतो. प्रत्येक टाचणीचा दांडा रंगहीन, एक-दोन मिलिमीटर उंचीचा, आणि डोके मात्र काळेभोर. त्या डोक्यावर बाटलीच्या आकाराच्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, आणि प्रत्येक बाटलीच्या तोंडातून माळेत मणी ओवावेत तसे एकामागून एक बीजाणू बाहेर पडत राहतात. एक बीजाणू साधारण साडेतीन ते पाच मायक्रोमीटरचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत पंधराएक बीजाणू शेजारी शेजारी मावतील इतका लहान. त्यांचा काळेपणा मेलॅनिनच्या जातीच्या रंगद्रव्यांमुळे येतो. आपल्या कातडीला रंग देणारे द्रव्यही मेलॅनिनच, आणि दोन्हीकडे त्याचे एक काम सारखे आहे, ते म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून आतला ऐवज वाचवणे. बुरशीचे मूळ अंग, म्हणजे पापुद्र्यात शिरलेले तंतूंचे जाळे, पांढुरके असते. आपण जिला काळी बुरशी म्हणतो तिच्यात काळे असतात ते फक्त तिचे बीजाणू, आणि ते दिसू लागण्यापूर्वीच बुरशीने आत बस्तान बसवलेले असते.

बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही, त्यामुळे ती आपले पचन अंगाबाहेर करते. तंतूंच्या टोकांतून ती विकरे सोडते, ही विकरे समोरच्या पदार्थातले पिष्ट, पेक्टिन, प्रथिने यांचे तुकडे करतात, आणि तयार झालेला पाक बुरशी शोषून घेते. या पद्धतीत एक मोठी अडचण आहे. उघड्यावर शिजवलेले अन्न कोणीही पळवू शकते, आणि ओलसर, गोड जागी जिवाणूंची झुंड टपलेलीच असते. ॲस्परजिलस नायजरने यावर काढलेला तोडगा म्हणजे आम्ल. साखर मिळताच ती आजूबाजूला आम्ल ओतू लागते, आणि बहुतेक जिवाणू जिथे तग धरू शकत नाहीत अशा आंबट वातावरणात स्वतः मात्र निवांत वाढते. या बुरशीपासून होणारे काही अपाय आणि तिचा सर्वांत मोठा उपयोग या एकाच खोडीतून निघाले आहेत, त्यामुळे ही गोष्ट मनात ठेवून पुढे वाचावे.

कांद्याशी तिची गाठ शेतातच पडते. बीजाणू मातीत असतात, हवेत असतात, कांद्याच्या बियांवरही असतात. मात्र त्यांना रुजायला ऊब आणि ओल दोन्ही लागतात. तापमान तिशीच्या आसपास, हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर, आणि पापुद्र्यावर काही तास टिकलेला ओलावा, एवढे जमले की झाले. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या मांडवात, भरून पुढे दिवाळीपर्यंत पुरवला जातो, म्हणजे साठवणीचा ऐन काळ पावसाळ्यात येतो आणि वरच्या सगळ्या अटी नेमक्या तेव्हाच जुळतात. बुरशीचा शिरकाव बहुतेक वेळा मानेतून होतो. पात कापताना मान फार आखूड ठेवली, किंवा मान नीट सुकण्याआधीच कांदा चाळीत गेला, तर तिथली ओली जखम उघडी राहते. त्यामुळेच काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे, काढलेला कांदा तीन-चार दिवस पातीसकट शेतात अशा रीतीने पसरावा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीचे कांदे झाकेल, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवून मगच चाळ भरावी, अशी शिस्त सांगितली जाते. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशींचा गाभाही हाच आहे. ज्याने पावसाच्या भीतीने घाईघाईत चाळ भरली आहे, त्याला सप्टेंबरात वरचा थर बाजूला करताना उठणारा काळा धुरळा ओळखीचा असतो.

लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ नावाचे विकिरण केंद्र आहे. गॅमा किरणांची अल्प मात्रा देऊन कांद्याला कोंब येणे तिथे थांबवता येते, म्हणून विकिरण केलेल्या कांद्याला बुरशीही लागणार नाही असे काही जण गृहीत धरतात. तसे होत नाही. कोंबाच्या कोवळ्या, विभागणाऱ्या पेशी अत्यल्प मात्रेनेही निकामी होतात, पण बुरशीचे बीजाणू मारायला तिच्या कितीतरी पट मात्रा लागते आणि तेवढ्याने कांदाच खराब होईल. बुरशीपुरते बोलायचे तर सुकवण आणि खेळती हवा यांना अजून तरी पर्याय नाही.

आता भीतीकडे वळू. मे २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, कांद्यावरचा काळा थर आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा चिकटा यांमुळे ‘काळी बुरशी’ हा प्राणघातक आजार होतो, असा मजकूर समाजमाध्यमांवर घराघरात पोहोचला. तो खोटा होता, पण त्यातला गोंधळ समजण्यासारखा होता, कारण म्युकरमायकोसिस या आजाराला आपण सगळ्यांनीच ‘काळी बुरशी’ म्हणायला सुरुवात केली होती. जून २०२१ अखेरपर्यंत देशात या आजाराचे चाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते आणि महाराष्ट्र त्यात पुढच्या रांगेत होता. हा आजार करणाऱ्या बुरशी ऱ्हायझोपस, म्युकर अशा अगदी वेगळ्या गटातल्या आहेत. शिळ्या पावावर कापसासारखी वाढणारी पांढुरकी-करडी बुरशी त्यांच्याच नात्यातली. आजारात काळे पडते ते रुग्णाच्या नाकातले आणि टाळूचे मांस, कारण ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते. बुरशी काळी नाही, मेलेले मांस काळे. एका चुकीच्या टोपणनावाने कांदेबटाट्याच्या टोपलीवर किती मोठे बालंट आणले, याचा हा धडधडीत नमुना आहे. अमेरिकेतल्या घरांसंबंधीच्या बातम्यांत जिला विषारी काळी बुरशी म्हणतात ती आणखी तिसरीच, स्टॅकिबोट्रिस नावाची, आणि ती सतत भिजलेल्या जिप्सम बोर्डावर किंवा कागदी पुठ्ठ्यावर वाढते. कोकणातल्या ओल धरलेल्या भिंतीवर काळे ठिपके दिसले, तर नुसत्या रंगावरून ते कोणत्या बुरशीचे आहेत हे तज्ज्ञालाही सांगता येणार नाही. तिथे उपाय एकच आणि तो महाग आहे, ओल जिथून येते ती जागा बुजवणे. भिंत ब्लीचने पुसायची असेल तर त्याच बादलीत व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो बुरशीपेक्षा फार लवकर दवाखाना दाखवतो.

याचा अर्थ ॲस्परजिलस नायजर निरुपद्रवी आहे असा नाही. तिचे आणि तिच्या भावंडांचे बीजाणू आपण रोजच श्वासातून घेतो. धडधाकट माणसाच्या श्वासनलिकेतला चिकट द्रव आणि फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्यांचा निकाल लावतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. अडचण येते ती ही व्यवस्था कुठेतरी ढिली पडल्यावर.

तिचा आपल्याकडचा सर्वांत सर्रास उपद्रव फुप्फुसात नसून कानात होतो. पावसाळ्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे खाजणारा, दडे बसलेला, ठणकणारा कान घेऊन येणाऱ्यांत बुरशीचे रुग्ण बरेच असतात, आणि त्यांत ॲस्परजिलस नायजर नेहमीची आरोपी. तपासणीत कानाच्या नळीत भिजलेल्या टीपकागदाचा लगदा कोंबल्यासारखा पदार्थ दिसतो आणि त्यावर काळे ठिपके, म्हणजे कांद्यावर पाहिलेली तीच टाचणीची डोकी. कानाची नळी उबदार, ओलसर आणि अंधारी असते. तिच्या कातडीवर मळाचा आंबट, मेणचट थर असतो आणि तो एक प्रकारचे संरक्षण करतो. काडीने, पिनेने, किल्लीने कान कोरून आपण तो थर काढतो, वर बारीक ओरखडे पाडतो, आणि मग खाज येते म्हणून लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडतो. या घरगुती उपायाबद्दल अनेकांना जिव्हाळा आहे, पण बुरशी लागलेल्या कानात तेल घालणे म्हणजे तिची ओल टिकवून ठेवणे. जिवाणूंसाठीचे प्रतिजैविक थेंब मनाने दीर्घकाळ घालत राहिल्यासही बुरशीचे फावते, कारण तिच्याशी भांडणारे जिवाणू तेवढे मरतात. डॉक्टर तो लगदा यंत्राने ओढून साफ करतात, क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीनाशक थेंब देतात आणि काही आठवडे कान कोरडा ठेवायला सांगतात. या तीनपैकी तिसरी गोष्ट रुग्ण पाळत नाहीत आणि आजार उलटतो.

फुप्फुसाच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार तिची हिरवट-करडी बहीण, ॲस्परजिलस फ्युमिगेटस. तिचे बीजाणू आणखी लहान असल्यामुळे ते खोलवर पोहोचतात, आणि दम्याच्या काही रुग्णांत त्यांच्याविरुद्ध इतकी तीव्र ॲलर्जी उभी राहते की दमा औषधांना दाद देईनासा होतो. नायजरकडूनही ॲलर्जी होते, आणि कांद्याच्या वखारीत, धान्याच्या गोदामात, गोण्या झटकण्याच्या कामावर असलेल्या दमेकऱ्याने नाकातोंडाला नीट बसणारा मास्क लावणे शहाणपणाचे आहे. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेले, अवयव बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे यांच्यात मात्र ॲस्परजिलस कुळातली बुरशी थेट ऊतींत घुसू शकते आणि तो आजार गंभीर असतो. अशा माणसाने बुरशीचा कांदा सोलण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

एक गोष्ट आपल्या देशात विशेष महत्त्वाची आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. क्षय बरा झाला तरी फुप्फुसात पोकळ्या राहू शकतात, आणि अशा पोकळीत ॲस्परजिलसचे तंतू गुंडाळत गुंडाळत चेंडूसारखा गोळा तयार होऊ शकतो. त्या रुग्णाला कालांतराने खोकल्यातून रक्त पडू लागते, वजन उतरते, आणि घरच्यांना वाटते क्षय उलटला. थुंकीत क्षयाचे जंतू न सापडताही क्षयाची औषधे पुन्हा सुरू झाल्याची उदाहरणे डॉक्टर मंडळींना माहीत आहेत. गोळा करणारी बुरशी नायजर असेल तर तिची आम्लाची खोडी इथे प्रकट होते. माणसाच्या ऊती आंबट नसतात, जवळपास उदासीन असतात, आणि अशा परिसरात ती प्रामुख्याने ऑक्झॅलिक आम्ल बनवते. ते कॅल्शियमशी संयोग पावून त्याचे टोकदार स्फटिक होतात, आणि हे स्फटिक आजूबाजूच्या ऊतींना व रक्तवाहिन्यांना इजा करतात. थुंकीत किंवा ऊतीच्या तपासणीत हे स्फटिक दिसले तर जाणकार डॉक्टरच्या मनात नायजरचे नाव येते.

राहिला विषाचा प्रश्न. या बुरशीच्या सगळ्या नव्हे, पण काही वाणांना ऑक्रॅटॉक्सिन नावाचे मूत्रपिंडाला घातक असणारे विष बनवता येते, आणि काही वाण फ्युमोनिसिन बनवतात हे २००७ मध्ये लक्षात आले. द्राक्षे, बेदाणे, कॉफी या मालात ऑक्रॅटॉक्सिनची तपासणी होते आणि युरोपात त्याच्या कमाल मर्यादा ठरलेल्या आहेत, त्यामुळे निर्यात करणाऱ्या बेदाणा उत्पादकाला हा शब्द नवा नाही. तरीही विषाच्या बाबतीत मला नायजरपेक्षा तिच्या पिवळट-हिरव्या बहिणीची, ॲस्परजिलस फ्लेव्हसची, धास्ती अधिक वाटते. ती भुईमूग, मका, मिरची, सरकी यांवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बनवते, जे यकृताचा कर्करोग करते हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाल्ल्याने आदिवासी गावांत काविळीची साथ आली आणि शंभरावर माणसे दगावली. गावातली कुत्रीही त्यात आजारी पडली होती. ही विषे शिजवून, भाजून किंवा तळून संपत नाहीत. त्यामुळे खवट, सुरकुतलेला, आतून हिरवट पिवळा शेंगदाणा कुटात खपवणे हा काटकसरीचा चुकीचा प्रकार आहे, आणि आपल्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही म्हटल्यावर हे जरा जोर देऊनच सांगावे लागते.

कांद्याचे मात्र तसे नाही. त्याची रचनाच पापुद्र्यांची असल्याने काळा थर बहुधा वरच्या एकदोन पापुद्र्यांवर अडतो. असा कांदा टोपलीजवळच, पंखा बंद करून सोलावा, काळा झालेला पापुद्रा आणि त्याखालचा एक टाकावा, उरलेला वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्यावा आणि सुरी-पाट पुसून मग चिरावा. दाबल्यावर मऊ लागणारा, मानेशी पाणी सुटलेला, आंबूस वास येणारा किंवा आतल्या मांसल पापुद्र्यांतही काळ्या रेषा गेलेला कांदा टाकूनच द्यावा, कारण तिथे बुरशीपाठोपाठ जिवाणूही आलेले असतात. ज्यांना बुरशीची ॲलर्जी आहे त्यांनी काळा कांदा हाताळूच नये. पाव, जॅम, उकडलेला भात, चटणी यांच्या बाबतीत ‘वरचे काढून टाकू’ हा नियम चालत नाही, कारण मऊ, ओलसर पदार्थात तंतू दिसतात त्यापेक्षा खूप खोल गेलेले असतात.

आता त्या आम्लाकडे. सायट्रिक आम्ल लिंबाच्या रसातून स्फटिकरूपात प्रथम वेगळे केले १७८४ मध्ये, स्वीडनमधल्या कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने. पुढची सव्वाशे वर्षे हे आम्ल लिंबातूनच येत राहिले, आणि त्याच्या व्यापाराच्या नाड्या इटलीच्या हाती होत्या. सिसिलीत लिंबाच्या रसात चुना मिसळून कॅल्शियम सायट्रेटचा साका बनवत आणि तो इतर देशांत पाठवत. रसात आम्ल जेमतेम पाच-सहा टक्के, तेव्हा लिंबे किती पिळावी लागत याची कल्पना करावी. १८९३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल वेमर याने साखरेच्या पाण्यात वाढणारी बुरशी हेच आम्ल बनवते हे दाखवले, पण त्याच्या हाती लागलेली बुरशी पेनिसिलियमच्या गटातली होती आणि तिच्यावर चालवलेला कारखाना तोट्यात गेला. पहिल्या महायुद्धात इटलीकडून येणारा माल आटला आणि नेमके तेव्हाच, १९१७ मध्ये, जेम्स करी या अमेरिकी अन्नरसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ॲस्परजिलस नायजरला भरपूर साखरेत आणि सुरुवातीपासूनच आंबट ठेवलेल्या पाण्यात वाढवले तर ती सायट्रिक आम्लाची नुसती बरसात करते. फायझर कंपनीने त्याला नोकरीवर घेतले आणि १९१९ मध्ये ब्रुकलिनला या पद्धतीने उत्पादन सुरू झाले. उथळ परातींत साखरेचे पाणी, त्यावर बुरशीची साय, असे ते प्रथमरूप होते. करीचा तरुण मदतनीस जॅस्पर केन याने पुढे बुरशीला खोल टाक्यांत हवा खेळवून बुडते ठेवून वाढवण्याचे तंत्र बसवले, आणि दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचे उत्पादन वाढवायची वेळ आली तेव्हा १९४४ मध्ये त्याच कंपनीने ब्रुकलिनला खोल टाक्यांचा कारखाना चालू केला. युद्धातल्या जखमींना मिळालेल्या पेनिसिलिनमागे आंबटपणा बनवणाऱ्या बुरशीवर गिरवलेले धडे होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

एवढे आम्ल बुरशी बनवते तरी का, हे साखर कारखान्याच्या उदाहरणाने सांगता येईल. गव्हाणीत ऊस वेगाने येत राहिला आणि पुढचा एखादा टप्पा मंदावला, तर माल मधेच साचतो आणि शेवटी बाहेर सांडतो. पेशीत साखर जाळून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीत सायट्रिक आम्ल हा असाच मधला टप्पा आहे, तो बुरशीत आहे आणि आपल्या पेशींतही आहे. कारखान्यात बुरशीला साखर सढळ हाताने, अगदी पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत देतात, हवा भरपूर देतात, पण मँगनीज आणि लोह यांसाठी तिला जवळजवळ उपाशी ठेवतात. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम मँगनीज आले तरी उतारा घसरतो, त्यामुळे मळी वापरायची तर तिच्यातले धातू आधी रसायनाने काढून टाकावे लागतात. मँगनीजअभावी बुरशीचे तंतू लांब न पसरता आखूड, फुगीर होतात आणि साबुदाण्यासारख्या गोळ्या बनून टाकीत फिरत राहतात. त्यांना वाढायचे धड जमत नाही, साखर मात्र आत येत राहते, आणि साचलेले आम्ल बाहेर सांडते. इथे योगायोग असा, की फ्रान्समधल्या झ्यूल रोलँ याने १८६९ मध्ये सजीवांना अत्यल्प जस्त लागते हे पहिल्यांदा दाखवले ते याच बुरशीवर. कोणता धातू दिला तर ती फोफावते हे त्याने शोधले आणि कोणता काढला तर ती आम्ल सांडते हे पुढच्यांनी. टाकीतला आंबटपणा लिंबाच्या रसाइतका किंवा त्याहून तीव्र ठेवला की ती सायट्रिक आम्ल बनवते, तो सैल पडला की ग्लुकॉनिक आणि ऑक्झॅलिककडे वळते. क्षयाच्या पोकळीत स्फटिक करणारी आणि टाकीत सरबताचा आंबटपणा पिकवणारी बुरशी एकच, फरक तेवढा परिसराच्या आंबटपणाचा.

पाच-आठ दिवसांनी टाकीतून बुरशी गाळून काढतात, पाण्यात चुना घालतात, सिसिलीत करीत तसाच सायट्रेटचा साका पाडतात, मग गंधकाम्लाने आम्ल मोकळे करतात आणि जिप्सम बाजूला पडते. शुद्ध केलेले पांढरे स्फटिक पुडीत भरले की झाले लिंबूफूल. जगात दरवर्षी वीस लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल असे तयार होते, त्यातले सर्वाधिक चीनमध्ये. लिंबाचा त्याच्याशी संबंध आता नावापुरता उरला आहे.

विकरांची कथा याच वळणाची आहे, तेव्हा ती थोडक्यात. कांद्याचे पापुद्रे सुटे करायला ती जे पेक्टिनेज सोडते, तेच फळांचा गढूळ रस नितळ करायला वापरतात. पिष्टाची साखर करणारे तिचे ग्लुकोअमायलेज मक्याच्या पिष्टापासून ग्लुकोजचा पाक बनवते. कोंबड्यांच्या खाद्यात घातलेले फायटेज धान्यात अडकलेले फॉस्फरस मोकळे करते आणि विष्ठेतून जमिनीत वाया जाणारा फॉस्फरस कमी होतो. मधुमेही लोक बोटाला टोचून ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेतात, तशा पुष्कळ पट्ट्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर असते आणि तेही बहुधा याच बुरशीने बनवलेले. २००७ मध्ये तिच्या एका औद्योगिक वाणाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे चौदा हजार जनुके मोजली गेली, आणि त्यांतली मोठी संख्या विकरांची निघाली.

उद्योगात वापरायचे वाण विष बनवत नाहीत याची खात्री करून घेतात आणि अंतिम मालात बुरशी शिल्लक राहत नाही. धोका असलाच तर टाकीजवळ काम करणाऱ्यांना आहे. सायट्रिक आम्लाच्या कारखान्यात या बुरशीच्या धुळीमुळे आणि पशुखाद्याच्या कारखान्यात फायटेजच्या भुकटीमुळे कामगारांना दमा जडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. त्यांचा हा दमा आणि कांद्याच्या वखारीतल्या हमालाचा खोकला यांत जात एकच.

बुरशीचे आम्ल शाकाहारी का, असा प्रश्न उपासतापास सांभाळणारे कधीकधी विचारतात. बुरशी प्राणी नाही, तेव्हा पाकिटावर हिरवा ठिपकाच येतो. उपासाला चालते का, हे ज्याच्या त्याच्या घरातल्या आजीने ठरवावे. आपल्या फडताळात ती किती ठिकाणी आहे हे पाहायचे असेल, तर बाटल्या आणि पुड्या उलटून बारीक अक्षरांतला ‘आम्लता नियंत्रक’ हा शब्द शोधावा आणि त्याच्यापुढे ३३० हा सायट्रिक आम्लाचा सांकेतिक आकडा आहे का ते पाहावे.